राणी पाकोळी आणि माकडलिंबू : देवराईतल्या नोंदी

१२ एप्रिल २०२५

कामाला आज सुरुवात. जागा : संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावची देवराई. देवस्थानच्या मंडळींशी अजून बोलणी चालू आहेत, म्हणून गावाचं नाव नोंदीत घालत नाही. राईत वर आंबा, सातवीण, किंजळ, बेहडा, मधूनच भेरली माड आणि त्यांना विळखा घातलेल्या गारंबीच्या वेली. खाली मात्र पाऊल टाकायला जागा नाही इतका झाडोरा. आमचं काम या झाडोऱ्यात आहे.

विषय राणी पाकोळी. इंग्रजीतलं ब्लू मॉरमॉन, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. २०१५ साली महाराष्ट्रानं तिला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं फुलपाखरू ठरवणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. शेकरू, हरियाल, ताम्हण, आंबा ही नावं मुलांना पाठ असतात, त्या यादीत हे पाचवं. पश्चिम घाट, दक्षिण भारत आणि श्रीलंका हा तिचा मुख्य मुलूख. विदर्भातल्या जंगलांतही दिसते. आमच्या वाडीत तर पावसाळ्यात अंगणातून जाते आणि सगळे मान वर करून बघतात.

बघतात ते उडणारं फुलपाखरू. त्याआधीचा महिना-सव्वा महिना ती कुठे असते, काय खाते, तिला कोण खातं, हे गावात कुणी सांगू शकलं नाही. तेच शोधायचं. शाळेच्या निसर्ग मंडळातली आठवी-नववीची मुलं, मी, आणि राईची खडानखडा माहिती असलेले गुरवकाका. साहित्य : दहापट मोठं दाखवणारं भिंग, वह्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे टॅग, मलमलीच्या कापडाच्या पिशव्या, मोबाईल.

२० एप्रिल

माकडलिंबू ओळखायला मुलांना अर्धा तासही लागला नाही. अटलांशिया रेसिमोसा. पान जाडसर, चकचकीत, टोकाशी किंचित खाच पडलेलं. उजेडात धरलं की बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. ते तेलाचे थेंब. चुरगाळलं की लिंबाचा वास. एका मुलानं पहिलं पान चुरगाळलं आणि नंतरची झुडपं त्यानं निव्वळ नाकावर शोधली.

हे झुडूप लिंबाच्याच कुळातलं, रुटेसी. राणी पाकोळीच्या अळ्या याच कुळातल्या झाडांवर वाढतात : रानात माकडलिंबू आणि किर्मिरा, परसात पपनस आणि लिंबू. आमच्या राईत किर्मिरा थोडा आहे, माकडलिंबू भरपूर.

झुडपांना टॅग लावले. तीन पट्टे पाडले : आत दाट सावलीचा, मधला पायवाटेचा (इथे उन्हाचे कवडसे पडतात), आणि पूर्वेकडचा राईच्या कडेचा, जिथे दुपारपर्यंत थेट ऊन येतं. अंडी कुठल्या पट्ट्यात जास्त सापडतात हा पहिला प्रश्न.

गुरवकाकांनी टॅगबद्दल आधी आढेवेढे घेतले. राईतली काडीही बाहेर न्यायची नाही आणि झाडाला खिळा मारायचा नाही, हा इथला जुना नियम. पट्टी सुतळीनं सैल बांधायची, खिळा नाही, आणि काम संपलं की सगळं काढून न्यायचं, यावर ते राजी झाले. नियम चांगला आहे. वहीच्या पहिल्या पानावर मुलांनी तो लिहून ठेवला.

४ मे

सुट्टी लागली, मुलं कमी. उकाडा.

सकाळी पायवाटेवर एक नर दिसला. राणी पाकोळीतला नरही राणीच म्हणायचा, मुलांना याची गंमत वाटते. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटिमीटर. पुढचे पंख काळे, त्यावर निळसर पट्ट्यांची रांग. मागचे पंख फिकट निळे आणि कडेला काळे टपोरे ठिपके. शेपटी नाही. मादीचा निळा जरा करडा, मळकट. दोघांच्याही पंखांच्या खालच्या बाजूला बुडाशी तांबडे डाग असतात, पण उडताना ते दिसणं कठीण.

नर एकाच वाटेनं जात-येत राहिला. राईच्या तोंडापासून देवळापर्यंत, तिथून वळून ओढ्यापर्यंत, आणि परत. उन्हाच्या कवडशातून गेला की निळा झळकतो, सावलीत शिरला की काळा, आणि डोळ्यांना वाटतं की तो नाहीसाच झाला. पकडायला धावणाऱ्या पक्ष्यालाही बहुधा असंच वाटत असणार. उडणं सरळ नाही, सतत हेलकावे. फोटो एकही धड आला नाही.

अंडी शोधली, सापडली नाहीत. माकडलिंबावर सगळी जुनी, चिवट पानं.

२७ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच. आधी आठवडाभर वळवाच्या सरी, मग २५ तारखेला मान्सून राज्यात दाखल झाल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. एरवी आमच्याकडे मृगाची वाट बघायची, यंदा मृगाआधीच ओढा वाहता झाला.

माकडलिंबाला पालवी फुटली आहे. पोपटी, पातळ, बोटांनी दाबली तर मोडेल इतकी कोवळी. आतल्या पट्ट्यात कमी, पायवाटेच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त. नव्यानं निघालेल्या अळीचे जबडे जुन्या पानाला पुरत नाहीत, तिला ही पालवीच लागते. तेव्हा पाऊस लवकर म्हणजे अंडीही लवकर, असा अंदाज वहीत लिहून ठेवला.

८ जून

अंदाज खरा ठरला.

साडेदहाच्या सुमारास पाऊस थांबला, ऊन आलं, आणि एक मादी पायवाटेच्या पट्ट्यात आली. जमिनीपासून गुडघा-मांडीच्या उंचीवरून, अगदी सावकाश. नराचा तो वेग नाही. ती झुडपाझुडपावर थांबत होती. फुलावर बसावं तशी ती बसत नव्हती. पंख फडफडत ठेवून पुढच्या पायांनी पानावर भराभर टकटक करायची आणि निघायची. करवंदावर टकटक, निघाली. दिंड्यावर टकटक, निघाली. मग माकडलिंबावर टकटक, आणि तिथे पोट पुढे वळवून कोवळ्या पानाच्या वरच्या बाजूला एक अंडं चिकटवलं. एकच. पुढचं दुसऱ्या झुडपावर.

ही टकटक म्हणजे चव घेणं. फुलपाखरांच्या पायांच्या टोकांवर चवीची इंद्रियं असतात. पान पायांनी खरवडलं की त्यातला रस लागतो आणि हे आपल्या अळीचं झाड आहे की नाही ते तिला कळतं. हिच्याच प्रजातीगणातल्या पॅपिलिओ झूथस या फुलपाखरावर जपानमध्ये खूप काम झालं आहे. लिंबाच्या पानातलं सिनेफ्रिन नावाचं द्रव्य ओळखणारा ग्राही मादीच्या पुढच्या पायांत असतो, हे तिथे २०११ मध्ये दाखवलं गेलं. त्याच फुलपाखराच्या पोटाच्या टोकाशी उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात, आणि अंडं घालणारा अवयव नीट बाहेर आला की नाही हे मादीला त्यांच्यामुळे समजतं. राणी पाकोळीत हेच घडतं का ते भिंगातून दिसणार नाही. पण पानावरची ती टकटक आम्ही सगळ्यांनी हातभर अंतरावरून पाहिली, आणि एकानंही हूं की चूं केलं नाही.

अंडं गोल, गुळगुळीत, फिकट हिरवं. भिंगाशिवायही दिसतं.

१२ जून

अंडी मुख्यतः पायवाटेच्या पट्ट्यात. आत दाट सावलीत थोडी. पूर्वेच्या कडेला, थेट उन्हातल्या झुडपांवर, जवळपास नाहीतच, पालवी तिथेही आहे तरी. म्हणजे तिला नुसतं झाड पुरत नाही. डोक्यावर छत, खाली झाडोरा आणि मधून येणारा तुटक उजेड, अशी जागा ती निवडते आहे. एका राईवरून नियम सांगता येत नाही, पण आमच्या राईत हे स्पष्ट आहे.

८ तारखेची अंडी आता नारिंगी झाली आहेत. दोन मात्र काळी ठिक्कर पडली. मुलांना वाटलं अळी बाहेर येणार. निरोगी अंड्यात बाहेर येण्याआधी वरच्या बाजूला फक्त एक गडद ठिपका दिसतो, तो अळीच्या डोक्याचा. अख्खं अंडं काळं पडलं तर आत गांधीलमाशीच्या गोतावळ्यातला सूक्ष्म परजीवी कीटक वाढत असतो. ट्रायकोग्रामा हे त्यातलं प्रसिद्ध नाव. कपाशी-उसावरच्या किडींसाठी शेतकरी त्याची कार्डं लावतात. अंड्यापेक्षाही लहान असलेल्या माशीची पिल्लं अंड्यात वाढतात हे ऐकून एका मुलीनं ते काळं अंडं कितीतरी वेळ भिंगाखाली धरून ठेवलं.

काही अंडी नाहीशीच. मुंग्या.

१४ जून

पहिल्या अळ्या बाहेर. अंड्याचं कवच आधी खाऊन टाकलं, मग पान.

२१ जून

अळ्या तपकिरी-काळपट, मधे पांढुरका पट्टा, अंग ओलसर चकचकीत. पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसतात. पक्ष्याची शीट पडली आहे असंच वाटतं, आणि हीच त्यांची ढाल. शीट कोण खाणार? दिवसभर हलत नाहीत. पानाच्या मधल्या शिरेवर रेशमाचा पातळ थर घालून त्यावर बसतात, खायला कडेला जातात, खाऊन परत त्याच थरावर. पाऊस कोसळतो तरी पडत नाहीत, कारण पायांचे आकडे त्या रेशमात अडकलेले असतात.

काही फांद्यांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या. पिशवीतल्या अळ्यांना शत्रू नाही, बाहेरच्यांना सगळे शत्रू. दोन्हींत फरक किती पडतो ते बघायचं.

२ जुलै

सकाळी पिशवीतल्या एका अळीनं कात टाकली. काल संध्याकाळी शीट होती, आज हिरवी पाकोळीची अळी. पोपटी-हिरवं अंग, बाजूंना तिरपे निळसर-पांढुरके पट्टे, छातीचा भाग फुगलेला आणि त्यावर दोन खोटे डोळे. खरं डोकं लहान, खाली दडवलेलं. ही पाचवी आणि शेवटची अवस्था. साधा मॉरमॉन या तिच्या जवळच्या फुलपाखराची अळीही अशीच दिसते आणि त्याच झुडपांवर सापडते. राणीची आकारानं मोठी, आणि पट्ट्यांत निळसर झाक असते.

रंग असा एका रात्रीत का बदलतो? लहान अळी शीट म्हणून खपते, कारण शीटही तेवढीच असते. बोटाएवढी शीट कुणाला पटणार नाही. मोठं झाल्यावर पानात मिसळणं बरं. हा बदल कुठून होतो याचा शोधही झूथसवरच लागला. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीला अळीच्या शरीरातलं किशोर संप्रेरक (तिचं लहानपण टिकवणारं द्रव्य) कमी होतं आणि त्यामुळे पुढची कात हिरवी येते. बाहेरून ते संप्रेरक दिलं तर पुढच्या कातेतही अळी शीटच राहते.

भिंग जवळ नेताना अळीच्या पाठीला काडी लागली. डोक्यामागून लालसर, ओलं, दुबेळकं शिंग बाहेर आलं, मागे वळून काडीला टेकलं आणि आत गेलं. या शिंगाचं शास्त्रीय नाव ऑस्मेटेरियम. वास आंबूस, उग्र, घशाशी जाणारा. या गणातल्या अळ्यांच्या लहानपणी त्या वासात टर्पिनं (झाडांच्या सुगंधी तेलांतली द्रव्यं) असतात, शेवटच्या अवस्थेत मात्र ब्युटिरिक आम्लाची भावंडं. कोळी आणि मुंग्या यांना त्यानं आवर बसतो. पक्ष्यांना तितका नाही.

वाडीतल्या एका काकींच्या परसात पपनसाचं झाड आहे. अळ्या दिसल्या की त्या झाडूनं खाली पाडून चिरडायच्या. मुलींनी त्यांना मोबाईलवर सगळे टप्पे दाखवले. काकी म्हणाल्या, "ही ती निळी पाकोळी व्हय? मग चार पानं खाल्लान तर खाऊ दे. पपनस काय पानांचा खायचा हाय?" मोठ्या झाडाला ही अळी खरोखर काही करत नाही. रोपवाटिकेतल्या लहान कलमाची गोष्ट वेगळी.

९ जुलै

गावात बैठक. देवळाचा जीर्णोद्धार ठरला आहे, मुंबईकर मंडळींनी वर्गणी जमवली आहे. त्यातला एक ठराव राईच्या सफाईचा. शब्द असे होते : एकही झाड तोडायचं नाही, फक्त झाडोरा साफ करायचा. कारणं खरी आहेत आणि ती मी टाळणार नाही. देवळाला येणाऱ्या बाया-पोरांना किरडवाची, म्हणजे सापाची, भीती. बिबट्या दोनदा वाटेवर दिसला. महाप्रसादाला माणसं वाढली, बसायला जागा नाही. यातलं काहीही खोटं नाही.

मी एवढंच सांगितलं की झाडोरा गेला तर राईतली झाडं राहतील, राई राहणार नाही. वरच्या आंब्याचं, सातविणीचं पुढचं रोप याच झाडोऱ्यात उभं आहे. ते गेलं की आज दिसणारी झाडं म्हणजे शेवटची पिढी. मोकळ्या झालेल्या जमिनीवर ऊन पडलं की तिथे रानमोडी, ते दाट तण, येणार, हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सोडलेल्या वरकस जमिनीवर ती माजलेली सगळ्यांनी पाहिली आहे. रानमोडीत किरडू जास्त लपतं. आणि शेवटी पाकोळीचं बोलले. मुलांनी काढलेले फोटो फिरवले. राज्य फुलपाखराचं घर तुमच्या राईत आहे म्हटल्यावर काही जणांनी माना डोलावल्या. एकानं विचारलं, "पाकोळीला झाडं आहेतच की वर, मग?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ती जन्मते गुडघ्याएवढ्या झुडपावर. वरच्या झाडांचं पान ती तोंडात घेत नाही.

गुरवकाका बैठकीत काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, नियम काडीचा पन हाय. झाडोरा म्हंजे काडी न्हाय काय?"

निर्णय पुढे ढकलला.

२० जुलै

पिशवीतल्या बहुतेक अळ्या कोशात गेल्या. बाहेरच्या झुडपांवर शेवटच्या अवस्थेपर्यंत पोचलेल्या मोजक्या. पिशवीच्या मलमलीएवढाच दोहोंत फरक. एका मादीच्या इतक्या अंड्यांतून फुलपाखरं का थोडी होतात, ते मुलांना आता वेगळं शिकवावं लागणार नाही.

कोशात जाण्याआधी अळी एकदम पातळ, ओली विष्ठा टाकते, पोट रिकामं करते आणि मग भटकायला लागते. झुडूप सोडून काही हात लांब जाते. मग काडीवर रेशमाची गादी, तीत शेपटीचं टोक अडकवलेलं, आणि छातीभोवती रेशमाचा एक पट्टा. खालून टेकू, मधून दोर. नारळावर चढणारा माणूस कंबरेला दोर घेऊन मागे रेलतो, कोश तसाच रेलून बसतो. कोशाचा रंग बसायच्या जागेवर ठरतो : हिरव्या गुळगुळीत काडीवर हिरवा, सुक्या खरबरीत सालीवर करडा-तपकिरी. दोन्ही सापडले.

बाहेरचा एक कोश मातकट पडला होता. बाजूला टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान, अगदी गोल भोक. आत काही नाही, नुसतं टरफल. टेरोमॅलससारख्या इवल्या माश्यांचं हे काम असावं. त्यातली एक जात, टेरोमॅलस प्युपॅरम, कोश होऊ घातलेल्या अळीच्या आसपास थांबून राहते आणि कात पडून कोश अजून मऊ असतानाच त्यात अंडी घालते. कवच घट्ट झालं की तिचं शस्त्र आत जात नाही. एका कोशातून डझनावारी माश्या निघतात. मुलांना वाईट वाटलं. पण या माश्या नसत्या तर गावातल्या लिंबांवर पान उरलं नसतं, हेही त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं.

३ ऑगस्ट

सकाळी साडेसातच्या आत दोन कोश उकलले. आदल्या दिवशी कोशाचं कवच पातळ झालं होतं आणि आतला काळा पंख, त्यावरचे निळे ठिपके बाहेरून दिसत होते. बाहेर आल्यावर पंख ओले, चुरगळलेले, बोटाच्या पेराएवढे. ती काडीला उलटी लटकली, पोटातून पंखांच्या शिरांत द्रव भरत गेला आणि साधारण वीस मिनिटांत पंख पूर्ण उलगडले. मग ते वाळायला तासभर. तेवढ्यात पाऊस आला. मुलांनी वर छत्री धरली. पिशवी सोडली होती, तिला जायचं तेव्हा जाऊ देत.

एकूण हिशेब : अंडं पाच-सहा दिवस, अळी सुमारे तीन आठवडे, कोश सुमारे दोन आठवडे. पावसाच्या दिवसांत थोडं मागे-पुढे.

२४ ऑगस्ट

गणपतीच्या आधी वाट साफ करायची म्हणून पूर्वेकडचा पट्टा ग्रास कटरनं साफ झाला. कुणी ठरवलं, ते कळलं नाही. मला कळलं तेव्हा काम संपलं होतं. टॅग लावलेली झुडपं खोडापासून कापलेली. आमच्या नोंदींत तिथे अंडी जवळपास नव्हती, म्हणून नुकसान आकड्यांत लहान दिसेल. पण कापणाऱ्यांनी वाटेच्या पट्ट्याचीही पहिली दहा-बारा पावलं घेतली आहेत, आणि तिथे माकडलिंबाच्या कापलेल्या फांदीवर चौथ्या अवस्थेतल्या तीन अळ्या सुकलेल्या पानावर बसलेल्या होत्या. मुलांनी त्या उचलून आतल्या झुडपांवर ठेवल्या. राग आला. शाळेत त्यावर बोललो, गावात बोललो नाही. गणपती होऊ देत.

१४ सप्टेंबर

ओढ्याच्या काठी, गुरं उतरतात तिथल्या ओल्या मातीवर नर जमले होते. राणी पाकोळी, साधे मॉरमॉन, बाकीचे लहान पिवळे. सोंड मातीत, पाठीमागून थेंब थेंब पाणी सोडत. पाणी हवं म्हणून हे चाललेलं नसतं. त्यातलं मीठ, सोडियम, गाळून घेणं चालू असतं. पानांत आणि मधात ते फार कमी. नर ते साठवून मीलनाच्या वेळी मादीला देतो आणि ते अंड्यांपर्यंत पोचतं. म्हणजे वाटेवरच्या चिखलालाही या गोष्टीत जागा आहे.

माद्या चिखलावर आल्या नाहीत. त्या भूतकेसाच्या पांढऱ्या पानांजवळच्या नारिंगी फुलांवर, पेंडगुळावर. मध पितानाही पुढचे पंख हलतच राहतात.

साफ केलेल्या पट्ट्यात रानमोडीची रोपं वीतभर झाली.

५ ऑक्टोबर

दसरा झाल्यावर देवस्थानच्या मंडळींना घेऊन राईत फिरलो. बैठकीत जे चारदा सांगून होत नाही ते इथे दहा मिनिटांत झालं. साफ केलेला पट्टा दाखवला : रानमोडी, टाकळा, आणि भर दुपारी तापलेली जमीन. मग लगेच पायवाटेचा पट्टा : ओलावा, सातविणीची आणि आंब्याची कमरेएवढी रोपं, माकडलिंब, एका पानावर अळी. त्यातल्या एका बुजुर्गांनी अळीला काडी लावली, शिंग बाहेर आलं, वास घेतला आणि मागच्या सगळ्यांना बोलावून परत काडी लावली.

ठरलं ते असं. देवळापर्यंतची वाट दोन माणसं शेजारी चालतील एवढी मोकळी ठेवायची आणि तिच्यावर दिवे लावायचे. रात्री किरडवाची भीती दिव्यानं कमी होते, सफाईनं नाही. महाप्रसादाची जागा राईबाहेर, सभागृहाच्या पडवीत. पूर्वेच्या पट्ट्यातली रानमोडी फुलायच्या आत शाळेनं उपटायची, मुळासकट, आणि तिथे राईतलीच झाडं परत येऊ द्यायची. ग्रास कटर राईत नाही. हे लिहून घेतलं, सह्या झाल्या.

बिबट्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वनखात्याच्या माणसाला बोलवायचं ठरलं.

२ नोव्हेंबर

दिवाळी उलटली तरी पाऊस हटत नाही. कापलेलं भात भिजलं, मुलं घरच्या कामात. राईत मात्र पुन्हा थोडी पालवी आणि पुन्हा अंडी. अपेक्षेपेक्षा उशिरापर्यंत वंश चालू आहे.

रानमोडी उपटून झाली. हात चिकट आणि वास दोन दिवस जात नाही.

मुलांना आज कारवारची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि तिथे डेव्हिडसन, बेल आणि एटकेन हे तीन सरकारी अधिकारी नोकरी सांभाळून फुलपाखरांच्या अळ्या पाळायचे. कुठली मादी कुठल्या झाडावर अंडी घालते, अळी कशी दिसते, कोश कसा बसतो, याची त्यांची टिपणं १८९६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. आज आपण अळीचं खाद्यझाड म्हणून जी नावं घेतो, त्यातली बरीच त्यांच्या टिपणांतून आलेली आहेत. साधनं आमच्यासारखीच साधी असणार. नववीतल्या एका मुलीनं विचारलं, त्यांना अळ्यांची पानं कोण आणून द्यायचं? आणणारी माणसं इथलीच असणार. झाड ओळखणारी, रान माहीत असलेली. त्यांची नावंही छापून यायला हवी होती, असं मला वाटतं. आमच्या वहीत पानापानावर ज्यानं पाहिलं त्याचं नाव आहे.

७ डिसेंबर

माकडलिंबाला पांढरी, सुवासिक फुलं. काही झुडपांवर हिरवी गोल फळं, बोरापेक्षा थोडी मोठी. पूर्वेकडे कापलेल्या झुडपांपैकी बऱ्याच खोडांतून फुटवे आलेत. काही मेली.

टॅग काढले, ठरल्याप्रमाणे. ज्या झुडपांवर पुढच्या वर्षी नोंद करायची त्यांचं स्थान मोबाईलवर आहेच.

पुढचं काम : फळं पिकतील तशी थोडीच उचलायची, झुडपामागे मूठभर, बाकी पक्ष्यांना. लिंबाच्या कुळातल्या बिया वाळल्या की रुजण्याची ताकद लवकर जाते, म्हणून गर धुऊन त्याच दिवशी पिशवीत पेरायच्या. रोपं शाळेच्या मागे, चिंचेच्या सावलीत. लावणी पावसात, पूर्वेच्या पट्ट्यातच, पण कडेपासून आत, जिथे किंजळीची सावली पोचते तिथे. पपनसवाल्या काकींनी दोन रोपं मागितली आहेत. राईतलं काही कायमचं बाहेर न्यायचं नाही, म्हणून त्यांच्यासाठी बिया धरणाकडच्या रानातून आणायच्या; गुरवकाकांनी जागा सांगितली आहे.